पहिला शब्द आणि शनिवारचा पायजमा

आमच्या पोरीचा पहिला शब्द कोणता, यावर घरात अजून एकमत नाही. बायको म्हणते, "आई." माझी आई, जिला आमच्या कन्नड वळणानं सगळं घर अव्वा म्हणतं, ती छातीवर हात ठेवून सांगते की पोरगी पाळण्यात असतानाच "अव्वा" म्हणाली होती. पोरगी आता नववीत आहे. तिला विचारलं तर म्हणते, "मी तेव्हा काय बोलत होते ते तुम्हाला कळत नव्हतं, आणि आता काय बोलते तेही कळत नाही, तर वाद कशाला?"

खरं काय झालं ते मला माहीत आहे. त्यातलं अर्धं बायकोलाही माहीत आहे. उरलेलं अर्धं मी आजपर्यंत कुणाला सांगितलेलं नाही, म्हणून हे लिहायला बसलोय.

मी शिंपीकाम करतो. लोहाऱ्यात स्टँडपासून जवळ आमचं घर, आणि घराच्या पुढच्या खोलीत दुकान. मी मुळातच कमी बोलणारा, त्यात धंदा असा मिळाला की तोंडात कायम टाचण्या. तोंडात चार टाचण्या धरलेल्या माणसाला कुणी "बोलत का नाही?" असं विचारत नाही. काही वेळा तर कपडा बाजूला ठेवल्यावरही मी टाचण्या तोंडातच राहू दिल्यात. गिऱ्हाइकाशी मला एक शब्द पुरायचा: "बरं." शर्ट ढिला करा. बरं. खिसा आतून घ्या. बरं. मागच्या वेळी बिघडवला होता. बरं. घरीही तोच चालायचा. अव्वा वैतागून म्हणायची, "ह्येला घर पेटलंय म्हणून सांगितलं तरी बरंच म्हणंल."

आमच्याकडं अशी समजूत आहे की नव्या बाळाच्या ओठाला पहिल्यांदा मध जो लावतो, त्याचं वळण बाळाला लागतं. म्हणून अव्वानं पोरगी व्हायच्या आधीच माणूस ठरवून ठेवलं होतं. सास्तूरची माझी आत्या. आत्याचं तोंड झोपेतही चालू असतं असं तिचा नवराच सांगायचा. "माझ्या पोराचं झालं ते झालं," अव्वा म्हणाली, "नातवंड तरी तोंडानं धड निघू दे."

पोरगी झाली त्या सकाळी आत्या सास्तूरहून निघाली, पण जीप भरेपर्यंत ड्रायव्हर हलेना. आत्या एकटी तीन माणसांचं बोलत असणार, पण ड्रायव्हरला शिटा भरायच्या होत्या. इकडं दवाखान्यात सिस्टरनं बजावून सांगितलेलं, बाळाला आईच्या दुधाशिवाय काही द्यायचं नाही, मध तर मुळीच नाही. अव्वानं मधाची बाटली पिशवीत टॉवेलाखाली लपवलेली. सिस्टरच्या चपला वाजायला लागल्या तशी अव्वा घाबरली. तिनं बाटली उघडली, माझं बोट धरून आत बुडवलं आणि म्हणाली, "लाव की! काय बघतो?"

मी म्हणालो, "बरं."

ओठाला लागला न लागला. सिस्टर आत आली तेव्हा मी बोट तोंडात घालून उभा होतो. मध निदान माझ्या पोटात गेला. थोड्या वेळानं आत्या घामाघूम होऊन पोचली. "कुणी लावला?"

अव्वानं नुसती माझ्याकडं मान हलवली.

"अगं बया!" आत्या पलंगावर बसलीच. "ह्येनं? आता ही पोरगी सासरला जाईपर्यंत तोंड उघडत न्हाय बघा."

बायको तेव्हा दमलेली होती, तरी हसली. पण पोरगी वर्षाची झाली, पावलं टाकायला लागली, शेजारची तिच्याएवढी पोरं "काका", "बाबा", "भूभू" करायला लागली आणि आमची मात्र नुसती बघत राहिली, तेव्हा ते हसणं संपलं. डॉक्टर म्हणाले, पोरगी ठीक आहे, ऐकू चांगलं येतंय, वेळ लागतो काहींना, तिच्याशी बोलत राहा. अव्वानं तिच्या परीनं वेखंड उगाळून चाटवायला सुरुवात केली. पोरगी "अव्‌ अव्‌ अव्‌" करून थुंकायची. अव्वा शेजारच्या बायांना हाक मारायची, "ऐकलं का? अव्वा म्हणली!"

बायकोला एकच शब्द हवा होता. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीला शिकवायची. दुसऱ्यांच्या लेकरांना तिनं अक्षरं शिकवली होती. घरी आली की पोरीला समोर घ्यायची, "आ... ई. म्हण. आ... ई." पोरगी तिच्या तोंडात बोट घालून तो आवाज कुठून येतो ते शोधायची.

माझं आणि पोरीचं मात्र छान चाललं होतं. मी मशीनवर, ती माझ्या पायाशी गोधडीवर. तिनं डब्याकडं हात केला की मी मोठ्या बटणांचा बंद डबा तिला खुळखुळायला द्यायचो. पाणी हवं असलं की ती माझा पायजमा दोनदा ओढायची, कडेवर यायचं असलं की एकदाच, जोरात. आम्हाला एकमेकांचं सगळं कळायचं. "तुम्ही तिला तोंड उघडायच्या आधीच सगळं देता," बायको एकदा म्हणाली. "मग ती कशाला बोलंल?"

मी "बरं" म्हणालो, आणि बायको आत गेल्यावर पुन्हा डबा दिला. खरं सांगायचं तर मला तिच्या बोलण्याची घाई नव्हती. घरात एक तरी माणूस असं होतं की ज्याच्याशी बोलावं लागत नव्हतं.

त्यातच बायकोची बदली परंड्याला झाली. आमचा तालुका जिल्ह्याच्या एका टोकाला, परंडा दुसऱ्या टोकाला. रोज जाणं-येणं शक्यच नाही. आदेश घेऊन ती दुकानात आली. मी काज करत होतो.

"जाऊ का?" तिनं विचारलं. "का बिनपगारी रजा टाकू? का अजून काही सुचतंय तुम्हाला?"

मला सुचत होतं. "आपण सगळेच जाऊ" हे वाक्य माझ्या डोक्यात अगदी तयार होतं. इस्त्री मारून, घडी घालून. ते बाहेर काढलं असतं तर मग दुकानाचं काय, अव्वाचं काय, असं सगळं बोलावं लागलं असतं. मी म्हणालो, "बरं."

ती थांबली. "बरं म्हणजे?"

मी दुसरा शर्ट उचलला. ती अजून जरा वेळ उभी राहिली, मग आत जाऊन बॅग भरायला लागली. अव्वानं पोरीला जाऊ दिलं नाही. "परक्या गावात पाळणाघरात टाकती का? मी हाय की." त्यावरही कुणीतरी माझ्याकडं बघितलं, आणि मी काय म्हणालो ते सांगायला नको.

मग ती सोमवारी पहाटेच्या गाडीनं जायची आणि शनिवारी दुपारी यायची. रोज दिवेलागणीला तिचा फोन. माझ्या शर्टाच्या खिशात फोन वाजला की पोरगी मशीनखालून बाहेर यायची. मी आवाज मोठा करून फोन तिच्यासमोर धरायचो. पलीकडून बायको गायची, विचारायची, पप्प्या द्यायची. शेवटी मला विचारायची, "काही बोलली का हो?"

"न्हाय."

"आज पण न्हाय?"

एका मंगळवारी दुकानात एक म्हातारे शेतकरी आले. त्यांच्या लेकीचं रविवारी लग्न होतं, आणि कापड टाकून बरेच दिवस झाले तरी पायजमा झाला नव्हता. मी एका कोटाच्या अस्तराला टाचण्या लावत होतो, त्यामुळं तोंड भरलेलं.

"पायजमा झाला का?"

मी मान हलवली. नाही.

"आता काय करायचं? व्याह्यासमोर धोतर नेसून उभा ऱ्हाऊ? मला शनवारी पायजे. शनवारी म्हणजे शनवारी. द्याल का?"

शनिवारी मला शक्य नव्हतं. शाळेचे गणवेश पडलेले होते. तेवढं सांगायला टाचण्या काढाव्या लागणार होत्या. मी हात वर केला, एक मिनिट थांबा म्हणून.

तेवढ्यात मशीनखालून आवाज आला. "बलं."

म्हातारबांनी खाली वाकून बघितलं. पोरगी बटणांचा डबा मांडीवर घेऊन त्यांच्याकडं बघत होती. तोंडावर अगदी माझा भाव. दुकानदाराचा.

"बलं," ती परत म्हणाली.

"झालं की मग!" म्हातारबा खूश. "मालकीण बरं म्हणती. येतो शनवारी." आणि मी तोंडातल्या टाचण्या काढेपर्यंत ते पार रस्त्यावर गेले होते.

त्या दुपारी दुकान अर्ध्या शटरवर करून मी तिच्यासमोर मांडी घालून बसलो. डबा काढून घेतला, परत दिला. "बलं." पाणी दिलं. "बलं." दारात मांजर आलं. "बलं." मांजर गेलं. "बलं." तो एकच शब्द तिनं घराला, रस्त्याला, माझ्या कात्रीला, सगळ्याला लावला. कडेवर यायचं तरी बलं आणि उतरायचं तरी बलं. फक्त सूर वेगळा. पायजमा ओढायचं तिनं बंदच केलं.

संध्याकाळी फोन आला. "काही बोलली का हो?"

पोरगी माझ्या मांडीवर होती. तिनं तोंड उघडायला आणि मी तिच्या तोंडात बिस्कीट सरकवायला एकच गाठ पडली. मी म्हणालो, "न्हाय."

का म्हणालो ते पुढं सांगतो.

बुधवारपासून मी कामाला लागलो. शनिवारी बायको येईल तेव्हा पोरीच्या तोंडात "आई" असायला हवी होती, आणि "बलं" नसायला हवं होतं. म्हणजे मला माझा शब्द सोडावा लागणार होता. तो सोडल्यावर कळलं की त्याच्याशिवाय साधी कॉलर सुद्धा शिवता येत नाही. कुणी म्हणालं, "उंची जरा वाढवा," तर मला म्हणावं लागायचं, "वाढवतो की. खाली दुमड आहे, तेवढी सोडली की बसंल." लोक दचकायचे. एकानं तर विचारलं, "तब्येत ठीक हाय ना?" अव्वाही जेवताना माझ्याकडं टक लावून बघायला लागली, कारण तिनं "भाकरी वाढू का?" विचारलं तर मी म्हणत होतो, "वाढ, पण अर्धीच वाढ, आणि पिठलं थोडं."

आणि दिवसभर पोरीला: "आई. आई म्हण. आई कुठाय? आई." मिशा असलेला माणूस मशीनच्या ठेक्यावर आई आई करतोय हे बघायला समोरचा चहावाला दोनदा येऊन गेला. पण कशाकडं बोट दाखवून म्हणणार? आई तर परंड्यात. मग मी येता-जाता खिशातला फोनच पोरीपुढं नाचवायचो. "आई बघ! आई! आई आली!" खिशातून फोन काढला की आई, ठेवला की "आई गेली".

गुरुवारी संध्याकाळी फोन वाजला, पोरगी धावत आली, दोन्ही हात वर केले आणि म्हणाली, "आई!"

माझ्या हातून टेप खाली पडला. फोनवर बायकोला मी एक अक्षर कळू दिलं नाही. आवाज वाढवला नाही, लगेच ठेवून दिला. मला तिचं तोंड बघायचं होतं. शुक्रवारी रात्रंदिवस म्हणावं असा बसून मी तो पायजमाही शिवला. आनंदाच्या भरात त्याला खिसाही लावला, जो म्हातारबांनी मागितलाच नव्हता.

शनिवारी दुपारी बायको आली. मी पोरीला नवा फ्रॉक घालून दुकानात उभी केली होती. अव्वा दारात. "बॅग ठेवू नको," मी बायकोला म्हणालो. "आधी ऐक. तिथंच थांब. ऐक."

बायको बॅगेसकट थांबली. तिनं एवढी वाक्यं माझ्याकडून एका दमात कधी ऐकली नव्हती.

"बघ कोण आलं?" मी पोरीला म्हणालो. "कोण गं? आ..."

"आई!" पोरगी स्पष्ट म्हणाली.

आणि वळून माझ्या अंगावर चढायला लागली. "आई! आई!"

अव्वानं कपाळावर हात मारला. "बया बया! बापाला आई म्हणती! अजून शिकव!"

मला हसू येत होतं, पण बायकोकडं बघितलं आणि आवरलं. तिनं हात पुढं केलेले तसेच राहिले होते. पोरगी माझ्या छातीपर्यंत चढली, शर्टाच्या खिशात हात घातला, फोन उपसून काढला, दोन्ही हातांनी कानाला लावला आणि समाधानानं म्हणाली, "आई."

मग फोन कानाला तसाच धरून तिनं दारातल्या बाईकडं बघितलं. बाई ओळखीची होती. पोरगी हसली. म्हणाली, "बलं."

बायकोनं बॅग खाली ठेवली. पोरीला घेतली नाही, नुसती तिच्यासमोर बसली. "मी ह्याच्यात असते का गं?" तिनं फोनकडं बोट करून विचारलं.

आणि नेमके तेव्हाच म्हातारबा आले. "पायजमा झाला का?"

मी पायजमा पुढं केला. त्यांनी तो झटकून बघितला, खिसा दिसला, खूश झाले. "मी म्हणलंच होतं, होईल म्हणून. मंगळवारी तुमच्या पोरीनं शब्द दिलता मला. मी म्हणलं शनवारी पायजे, तर खालनं म्हणली बरं! लई शब्दाची पक्की हाय." पोरीच्या गालाला हात लावून ते गेले.

"मंगळवारी?" बायको म्हणाली.

मी टेप गुंडाळायला लागलो.

"मंगळवारी मी फोन केला होता. बुधवारी केला. परवा केला. तुम्ही न्हाय म्हणालात."

"ते..."

"आणि बरं? पहिला शब्द बरं?" तिचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "हा शब्द ऐकूनच मी परंड्याला गेले. मला वाटलं तुम्हाला काही फरक पडत नाही. आता लेक पण तेच म्हणती. आणि तिची आई कोण, तर फोन."

अव्वा सुद्धा गप्प. आमच्या घरात अव्वा गप्प असणं हे वेगळंच संकट होतं. पोरगी माझ्याकडं बघत होती, मी काय म्हणतो ते. तिला अंदाज होताच. तिनं आधीच ओठ जुळवले.

"मी पण येतो," मी म्हणालो. एकदा तोंड उघडल्यावर थांबता येईना. "परंड्याला. तू विचारलंस तेव्हाच म्हणायचं होतं. आपण सगळेच जाऊ. मशीन एस.टी.च्या टपावर टाकू. माणसं तिथं पण कपडे घालतात. शाळेजवळ खोली बघू. गणवेशाचं काम तर मिळंलच. इथलं घर कुठं पळून जातंय? मला तू गेलेली आवडत नाही. सोमवारी मला भाकरी जात नाही."

अव्वा हळूच म्हणाली, "त्या दिवशीचा मध. दवाखान्यात ह्येनंच बोट चाटलं होतं. आता चढला बघा."

बायकोला हसू फुटलं आणि त्याबरोबर रडूही. मग तिनं पोरीला उचलली, फोनसकट.

अव्वा मात्र यायला तयार होईना. "परंड्यात माझ्याशी कन्नड कोण बोलणार?" शेवटी आत्या सास्तूरहून तिच्या सोबतीला आली. पहिल्या महिन्यातच अव्वाचा निरोप आला की मी पुढच्या गाडीनं परंड्याला निघाले, इथं मला एक शब्द बोलायला मिळत नाही.

आता ते उरलेलं अर्धं. बायकोला आजही वाटतं की तो "बलं" मी तिला वाईट वाटू नये म्हणून लपवला. असं तीच म्हणाली आणि मी मान डोलावली. ते खरं नाही. त्या मंगळवारी अर्ध्या शटरच्या आत बसलो असताना तिच्या वाईट वाटण्याचा विचार माझ्या मनाला शिवलाही नव्हता. मी खूश होतो. आयुष्यभर ज्या शब्दावरून मी बोलणी खाल्ली, तोच पोरीनं घरातल्या सगळ्या शब्दांतून निवडून उचलला होता. बायको वर्षभर समोर बसून घोकून घेत होती, अव्वा वेखंड उगाळत होती, आणि जिंकलो मी, न बोलता. मला तो आनंद कुणाशी वाटून घ्यायचा नव्हता, म्हणून मी "न्हाय" म्हणालो. "आई" शिकवायचं सुचलं ते दुसऱ्या दिवशी, लाज वाटायला लागल्यावर.

बायको हे वाचेलच. आता ती काय म्हणेल ते ऐकून घ्यायची तयारी आहे, उत्तर द्यायचीही.

परंड्याला किल्ल्याच्या बाजूला आम्हाला खोली मिळाली. पुढं ओटा, तिथं माझं मशीन. पहिले काही दिवस दिवेलागण झाली की पोरगी माझ्या खिशातला फोन काढायची, कानाला लावायची आणि हाक मारायची. "आई!" फोन वाजतच नव्हता, कारण वाजवणारी घरातच होती.

एका संध्याकाळी बायको ओट्याच्या कडेला बादलीत कपडे बुडवत बसली होती. पोरगी फोन घेऊन उभी. "आई!"

"काय गं?" बायको म्हणाली.

पोरीनं फोन कानापासून काढून बघितला. उलटा करून बघितला. "आई!"

"काय गं बाळा?"

आवाज बरोबर होता, पण भलतीकडून येत होता. पोरगी फोनकडं बघायची, मग बायकोकडं, परत फोनकडं. बायकोचे हात पाण्यात थांबले होते. मीही पाय मशीनवरून उचलला. पोरगी हळूहळू चालत बादलीपाशी गेली, बायकोच्या ओल्या गालावर हात ठेवला, अगदी जवळून तिच्या तोंडात बघितलं आणि हळू आवाजात, खात्री करून घेतल्यासारखं म्हणाली, "आई."

"काय गं," बायको म्हणाली.

त्यावर पोरीनं फोन बादलीत टाकला.

"अगं, फोन!" मी उठलो.

"असू दे हो," बायको पोरीला छातीशी धरून म्हणाली. "नंतर काढा."

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, तर माझ्या आधीच तिच्या खांद्यावरून आवाज आला.

"बलं."